जकातमाफी: खैरात की हक्क?

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माणसाला काही शब्द सतत अडवतात. 'जकात' हा त्यातला एक. उर्दूच्या तासाला जकात म्हणजे इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक: वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतला अडीच टक्के हिस्सा, ज्यावर गरिबाचा हक्क मानला गेला आहे. मराठीच्या तासाला जकात म्हणजे गावात माल आणताना नाक्यावर भरायचा कर. एका अर्थात श्रीमंताच्या घरातून माल बाहेर जातो, दुसऱ्या अर्थात सरकारच्या तिजोरीत पैसा आत येतो. मुले विचारतात, "सर, एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ कसे?"

उत्तर इतिहासात आहे. सुरुवातीच्या इस्लामी राज्यात मुसलमान व्यापाऱ्याकडून नाक्यावर मालाचा चाळिसावा हिस्सा घेतला जाई आणि तो जकातीतच धरला जाई. पुढे हा शब्द फारसीमार्गे दख्खनच्या दफ्तरांत आला आणि सगळ्याच व्यापारी मालावरचा कर असा त्याचा अर्थ झाला. नागपूर महापालिकेची जकात २०१३ च्या एप्रिलमध्ये गेली, पण पत्ता सांगताना जुन्या माणसांच्या तोंडी जकात नाका अजून येतो.

आज लिहायचे आहे ते या जकातीच्या माफीबद्दल. श्रीमंत देशांनी गरीब देशांच्या मालाला आयात शुल्क न लावता आत येऊ द्यावे, अशी एक व्यवस्था गेली पन्नासहून अधिक वर्षे जगात आहे. तिचा महत्त्वाचा निर्णय आपल्या दिल्लीत झाला होता. त्या व्यवस्थेचा आमच्या मोमीनपुऱ्याशी, कामठीशी आणि मालेगावशी काय संबंध, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

नाक्यावरचा दर हा नेहमीच राज्यकर्त्याचा विचार सांगतो. हजरत उमर यांच्या काळात नबती व्यापारी शामकडून मदिनेत माल आणत. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'त नोंद आहे की हजरत उमर त्यांच्याकडून डाळी-कडधान्यांवर दहावा हिस्सा घेत, पण गहू आणि तेलावर फक्त विसावा. कारणही तिथेच दिले आहे: मदिनेत गहू आणि तेल जास्त यावे. शहराची भूक पाहून दर अर्ध्यावर आणला होता. याच्या उलट उदाहरण आपल्या मातीतले. डिसेंबर १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पत्र लिहून पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितले. बारदेशचे मीठ स्वस्त पडत होते आणि त्यामुळे संगमेश्वरकडच्या मिठाचा व्यापार बुडण्याची भीती होती. एकाने दर उतरवला, दुसऱ्याने चढवला. पण दोघांनीही आपल्या माणसाचे पोट पाहूनच दर ठरवला.

आता तिसरे उदाहरण, जिथे दर ठरवताना स्वतःच्या माणसाकडे पाहिलेच गेले नाही. १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियर याने ईस्ट इंडिया कंपनीला फर्मान दिले. वर्षाला तीन हजार रुपये भरले की बंगालमध्ये कंपनीचा माल जकातमुक्त. कंपनीच्या नोकरांनी या सवलतीचा दस्तक आपल्या खासगी धंद्यालाही वापरला आणि तो इतरांनाही विकला. देशी व्यापारी नाक्यानाक्यावर कर भरी, त्याच्या शेजारून गोऱ्याची नाव फुकट पुढे जाई. नवाब मीर कासिमने अनेकदा तक्रार केली. शेवटी १७६३ मध्ये त्याने सगळ्यांचीच जकात माफ केली, म्हणजे निदान देशी व्यापारी बरोबरीला येईल. कंपनीला ही बरोबरी मानवली नाही. युद्ध झाले, १७६४ मध्ये बक्सरला नवाब, अवध आणि बादशहा तिघांची फौज हरली आणि १७६५ मध्ये बंगालची दिवाणी कंपनीकडे गेली. जकातमाफीवरून एवढे मोठे राज्य गेल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

पुढची गोष्ट कापडाची. विणकरांचे अंगठे इंग्रजांनी तोडले, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. विल्यम बोल्ट्स याने १७७२ मध्ये लिहिले ते वेगळे होते: कंपनीच्या जाचाला कंटाळून रेशीम गुंडाळणाऱ्यांनी स्वतःच आपले अंगठे कापून घेतले. दरपत्रक हातात असलेल्याला अंगठे तोडायची गरजच पडत नाही. १८१३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये भारतीय सुती कापडावर सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत शुल्क होते, तर त्यानंतरच्या काळात इंग्लंडचे कापड इकडे अडीच ते साडेतीन टक्के भरून येत असे. १८८२ मध्ये तेही संपले. मीठ, दारू आणि शस्त्रे यांसारख्या थोड्या वस्तू सोडून भारतातली सगळी आयात शुल्के रद्द झाली. लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा दरवाजा सताड उघडा झाला. याला तेव्हा 'मुक्त व्यापार' म्हणत.

त्याच्या पाच वर्षे आधी, १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली आणि त्याच दिवशी नागपुरात जमशेदजी टाटांची गिरणी सुरू झाली. म्हणून तिचे नाव एम्प्रेस मिल. मुंबई सोडून टाटा इकडे आले, कारण कापूस इथे पिकत होता. सरकारला महसूल कमी पडू लागला तेव्हा १८९४ मध्ये आयात शुल्क परत आले. लँकेशायरने ओरड केली. मग १८९६ मध्ये तडजोड निघाली: विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात शुल्क आणि देशी गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी कर. म्हणजे एम्प्रेस मिलचे कापड नागपुरातच विणून नागपुरातच विकले तरी कर भरायचा, कारण मँचेस्टरच्या मालाला तोच कर होता. हा अबकारी कर १९२५ च्या डिसेंबरात थांबवला गेला आणि पुढच्या वर्षी रद्द झाला.

हातमागाला मात्र या करातून सूट होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मोमीनपुरा, हंसापुरी, कामठी इथले मोमीन आणि महाल, इतवारी, पाचपावलीतले कोष्टी अबकारी कराने मेले नाहीत. सुतावरचा करही उठवला गेला होता. पण गिरणीचे कापड, इकडचे असो की तिकडचे, इतके स्वस्त होते की साडेतीन टक्क्यांच्या सुटीने भागण्यासारखे नव्हते. आमच्यापैकी पुष्कळांचे पूर्वज उत्तरेतून आले, १८५७ च्या धामधुमीनंतर कितीतरी. कुणी कामठीच्या छावणीजवळ थांबले, कुणी बुऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडीला गेले. माझ्या आजोबांचा माग घरातच जमिनीत खड्डा करून बसवलेला होता. पाय खड्ड्यात, हात धोट्यावर. नऊवारी लुगडी विणायचे. माल गांधीबागेतल्या व्यापाऱ्याकडे जायचा आणि भाव तो ठरवायचा. मँचेस्टर कुठे आहे हे आजोबांना ठाऊक नव्हते, पण आठवड्याच्या मजुरीत ते दर वेळी भेटायचे.

सवलत एकाला दिली की तिची किंमत दुसरा कुणीतरी मोजतो, याचा सगळ्यात लखलखीत दाखला वऱ्हाडचा आहे. १९३० च्या कायद्याने कापडावरचे शुल्क दोन दरांचे झाले: ब्रिटिश कापडाला १५ टक्के, इतर देशांच्या कापडाला २० टक्के. १९३२ मध्ये कॅनडातल्या ओटावा परिषदेत साम्राज्याच्या मालाला साम्राज्यात झुकते माप देण्याचे ठरले. जपानचे स्वस्त कापड तरीही येतच राहिले, म्हणून १९३३ च्या जूनमध्ये ब्रिटनखेरीज इतरांच्या कापडावर ७५ टक्के शुल्क बसले. जपानच्या गिरण्यांनी उत्तर दिले ते भारतीय कापसावर बहिष्कार घालून. आपला आखूड धाग्याचा कापूस घेणारे सर्वांत मोठे गिऱ्हाईक जपानच होते. अमरावती, अकोला, यवतमाळच्या शेतकऱ्याने ना लँकेशायर पाहिले होते ना ओसाका, पण मंदीने आधीच पडलेल्या भावात गिऱ्हाईकही जाण्याची पाळी आली. शेवटी जानेवारी १९३४ मध्ये करार झाला: जपानने आपला जितका कापूस उचलायचा, त्या हिशेबाने त्याचे कापड इकडे येईल. दहा लाख गाठींना साडेबत्तीस कोटी वार, पंधरा लाख गाठींना चाळीस कोटी वार. शुल्कही ५० टक्क्यांवर उतरले.

स्वातंत्र्यानंतर नव्याने मोकळे झालेले देश एकत्र बसू लागले तेव्हा हा सगळा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. १९६४ मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद भरली. तिचे पहिले महासचिव अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राऊल प्रेबिश. त्यांचे म्हणणे असे की कच्चा माल विकून पक्का माल घेणारा देश पिढ्यानपिढ्या तोट्यातच राहतो. त्याचा पक्का माल श्रीमंतांच्या बाजारात शिरला पाहिजे, आणि सुरुवातीला त्याला बरोबरीच्या शर्यतीत उभे करून चालणार नाही. परिषदेचे दुसरे अधिवेशन १९६८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दिल्लीच्या विज्ञान भवनात झाले. उद्घाटन इंदिरा गांधींनी केले, अध्यक्षपद आपले व्यापारमंत्री दिनेश सिंह यांच्याकडे होते. तिथे ठराव झाला: विकसनशील देशांच्या मालाला शुल्कात सवलत मिळावी, ती सर्वांना सारखी मिळावी, आणि तिच्या बदल्यात काही मागू नये. इंग्रजी आद्याक्षरांवरून या व्यवस्थेला जीएसपी म्हणतात. १९७१ मध्ये युरोपीय समुदायाने आणि जपानने ती लागू केली, अमेरिकेने १ जानेवारी १९७६ पासून.

'बदल्यात काही मागू नये' हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. बदल्यात काही मागितले की तो सौदा होतो. न मागता दिले तर ती खैरात असू शकते किंवा हक्क. खैरात देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हक्काला नियम असतो, मोजमाप असते, तारीख असते. दिल्लीत मागणी हक्काची होती. कागदावर उतरली ती मर्जी. प्रत्येक श्रीमंत देशाने यादी आपली आपण करायची, केव्हा काढून घ्यायची तेही त्यानेच ठरवायचे.

मर्जीचा पहिला परिणाम आमच्यावरच झाला. गरीब देश जे सर्वांत चांगले बनवू शकत होते ते कापड आणि कपडे. अमेरिकेच्या १९७४ च्या कायद्याने सवलतीतून जे वगळले त्यात कापड-कपडे होते, घड्याळे होती आणि चामड्याचे बूटही होते. वर १९७४ पासून बहुतंतू करार आला आणि कापडावर देशनिहाय कोटे बसले. ते २००४ च्या अखेरीपर्यंत चालले. त्या करारात कुटीरोद्योगातल्या हातमागाच्या कापडाला मात्र कोट्यातून सूट होती, आणि युरोपात प्रमाणपत्र लावलेल्या हातमाग कापडाला शुल्कातही सवलत मिळे. महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळ नागपुरात स्थापन झाले तेही १९७१ मध्येच. पण परदेशी गिऱ्हाईकाला हवे असायचे पडद्याचे, चादरीचे, एका मापाचे, एका रंगाचे कापड, तेही ठरल्या तारखेला. ते मद्रास, कन्नूर, पानिपतच्या मागवाल्यांना जमले. लुगडे विणणाऱ्या नागपुरी हाताला युरोपात बाजार नव्हता. शुल्क माफ झाल्याने दार उघडते, पण दारापर्यंतचा रस्ता आपणच बांधावा लागतो.

दुसरा परिणाम शेजाऱ्यांत झाला. अमली पदार्थांविरुद्ध लढणाऱ्या देशांना म्हणून युरोपने जी खास सवलत दिली होती, तिच्यात २००२ पासून पाकिस्तानला घेतले. पाकिस्तानी कापड शुल्काविना जाऊ लागले, भारतीय कापड शुल्क भरून. भारताने जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला. एप्रिल २००४ मध्ये अपील मंडळाने निकाल दिला: गरजा वेगळ्या असतील तर सवलत वेगळी देता येईल, पण निकष सर्वांना लागू होणारा, उघड आणि वस्तुनिष्ठ हवा. युरोपची यादी त्यात बसत नव्हती. भारत जिंकला. मग युरोपने निकष लिहून काढून नवी योजना आणली आणि १ जानेवारी २०१४ पासून पाकिस्तान तिच्यातून पुन्हा आत आला. गंमत अशी की फैसलाबादचा विणकरही अन्सारी आणि मालेगावचाही अन्सारी.

तिसरा परिणाम २०१९ चा. ५ जून २०१९ पासून अमेरिकेने भारताची सवलत काढून घेतली. कारण दिले की भारत आपली बाजारपेठ पुरेशी उघडत नाही. तक्रार तिथल्या दूध उद्योगाची आणि वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्यांची होती. 'बदल्यात काही मागू नये' या दिल्लीच्या अटीचे काय झाले ते यातून कळते. आपल्या व्यापार सचिवांनी तेव्हा सांगितले की वर्षाला सुमारे ५६० कोटी डॉलरच्या मालाला ही सवलत मिळत होती, पण वाचणारे शुल्क जेमतेम १९ कोटी डॉलर होते. देशाच्या मानाने ही रक्कम लहान. पण चामड्याच्या पिशव्या किंवा हातकामाच्या वस्तू करणाऱ्या छोट्या कारखानदाराचा नफाच तीन-चार टक्के असतो, हे विसरून चालत नाही.

आता आरसा आपल्याकडे वळवू. एप्रिल २००८ मध्ये दिल्लीतल्या भारत-आफ्रिका शिखर परिषदेत भारताने अति-अल्पविकसित देशांसाठी स्वतःची शुल्कमुक्त योजना जाहीर केली. घेणारा देणारा झाला. सप्टेंबर २०११ मध्ये मनमोहन सिंग ढाक्याला गेले आणि बांगलादेशच्या ४६ कापड-कपडे प्रकारांना शून्य शुल्क मिळाले. लवकरच दारू-तंबाखूसारख्या २५ वस्तू सोडून बांगलादेशचा सगळा माल शुल्काविना येऊ लागला. मला हा निर्णय तत्त्वतः योग्य वाटतो. आपण १९६८ मध्ये जे मागितले ते आपल्यापेक्षा गरिबाला देताना हात आखडता घेणे शोभले नसते. ढाक्याच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसलेल्या लाखो बायका आपल्याच आया-बहिणींसारख्या आहेत.

पण भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमागवाले सांगतात की बांगलादेशच्या शर्टात कापड चीनचे असते, आणि त्या शर्टासाठी आमचे कापड कुणी घेत नाही. त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. मे २०२५ मध्ये सरकारने बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरच्या सीमा बंद करून फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदर मोकळे ठेवले, ते मात्र यंत्रमागवाल्यांच्या तक्रारीमुळे नव्हे. दोन देशांचे बिनसले म्हणून. पुन्हा मर्जीच.

आणि विदर्भाचा हिशेब अजून उरतोच. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीच्या संत्र्याचे मोठे परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. २०१९ मध्ये त्यांचे शुल्क किलोमागे २० रुपयांच्या आसपास होते, ते वाढत २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेले. गाड्या कमी झाल्या, बागेतला भाव पडला. शर्ट इकडे शुल्काविना येतो आणि संत्रे तिकडे शुल्कात अडकते. आमच्या मोहल्ल्यात काही लोक याला लगेच हिंदू-मुसलमानाचा रंग देतात, बाहेरही देतात. जकातीच्या दराला धर्म नसतो. संत्र्याचा बागायतदार कुणबी असेल, गाडीवाला मुसलमान असेल, नुकसान दोघांचे आहे.

म्हणून मी मुळाशी, त्या शब्दाकडे जातो. जकातीचा एक साधा नियम आहे: ज्याच्यावर ती फर्ज आहे त्याने आपल्या मालातून द्यायची. शेजाऱ्याच्या मालातून काढून दिलेल्याला जकात म्हणत नाहीत. देशादेशांतल्या सवलतीत नेमके हेच घडत आले आहे. लँकेशायरला सवलत दिल्लीच्या सरकारने दिली, किंमत वऱ्हाडच्या शेतकऱ्याने मोजली. बांगलादेशला सवलत देशाने दिली, मोठेपणा देशाला मिळाला, तिची झळ मालेगावच्या मागवाल्याला. अमेरिकेने १९६२ च्या व्यापार कायद्यातच आयातीमुळे काम गेलेल्या मजुराला भत्ता आणि नवे शिक्षण देण्याची तरतूद केली होती. ती पुरेशी होती की नाही हा वेगळा वाद, पण देशाचा निर्णय असेल तर भारही देशाने उचलावा, हे तत्त्व त्यात मान्य होते. आपल्याकडे शून्य शुल्काची घोषणा करताना त्याच कागदावर यंत्रमागासाठी काय, हे लिहिलेले असले पाहिजे.

२०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने बांगलादेशला अति-अल्पविकसितांच्या यादीतून बाहेर काढण्यासाठी २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरवली. यादीतून नाव गेले की सवलतींचा पायाच बदलतो. मग शर्ट आणि संत्रे एकाच टेबलावर ठेवून नवा करार बोलता येईल. त्या टेबलावर मालेगावचा मागवाला आणि वरुडचा बागायतदार यांच्या वतीने कुणीतरी बसलेले असावे, एवढी मागणी आपण आपल्या आमदार-खासदारांकडे आत्तापासूनच करायला हरकत नाही. ती मागणी आपल्या हक्काची आहे.